साप, शिडी आणि काउंटर

रविवारी सकाळी मुलुंडच्या ताईचा फोन आला, तेव्हाच मी ताडलं, एकतर भाच्याचं लग्न ठरलं असणार, नाहीतर मोडलं. प्रकरण त्याहून गंभीर निघालं.

"नोकरी सोडतोय रे! आता म्हणे मोबाइलवरचे खेळ बनवणार. तू बँकेतला माणूस, तूच समजाव."

बँकेतला माणूस समजावण्यात पटाईत असतो, हा एक जुना गैरसमज आहे. आम्ही 'उद्या या' म्हणण्यात पटाईत. तरी निघालो. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात बिबटे आहेत, म्हणून सभ्य माणसं दादरला वळसा घालतात.

भाचा पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीत शिकलेला. ही संस्था 1969 सालची. त्याच वर्षी 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. म्हणजे कामं सोपी कशी करावीत हे शिकवायची सोय आणि आमची सोय, दोन्ही एकाच वर्षी झाल्या.

"मामा," तो म्हणाला, "आजवर मी पडद्यावरची बटणं आखत होतो. जे काम चार टिचक्यांत होतं, ते दोनात करायचं. आता उलट. दोनात होणारं काम चाळीसांत करायचं, आणि माणसाला ते आवडलंही पाहिजे."

"मग आमच्या शाखेत ये की! वीस वर्षं मी हेच करतोय. फॉर्म भरा, तीन नंबरला जा, तिथून सातला. नव्व्याण्णवाव्या घरात साप, सही जुळत नाही. चला परत एकवर!"

तो हसला. "फरक आहे, मामा. तुझ्या काउंटरवर कोणी हौसेने येत नाही."

मला गेल्या वर्षीचे एक पेन्शनर आजोबा आठवले. हात थरथरायचा, सही जुळेना. दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा आले ते सरावाचा कागद घेऊन. पानभर स्वतःच्याच सह्या! दोन साक्षीदार घेऊन अंगठा चालतो, हे मला ठाऊक होतं. पण त्याचा फॉर्म काढायला कपाटापर्यंत उठावं लागलं असतं.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 1978 सालच्या एका पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की गरज नसलेले अडथळे स्वखुशीने ओलांडणं म्हणजे खेळ. विटी हातात घेऊन चालत गेलं तर लांब पोचते, पण मग विटीदांडू उरत नाही. माझ्या काउंटरवर गरज नसलेला अडथळा होता. स्वखुशी तेवढी नव्हती.

मग भाच्याचा नवा धंदा पुण्याचा म्हणावा का? तसंही नाही. एकदा बसलेला माणूस उठूच नये, अशी कला करणारेही खेळ बनवतातच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 साली संसदेला बंदीचा कायदा करावा लागला. आणि सोपेपणा तरी कुठे सोवळा? दोन टिचक्यांत पैसे भरता येतात, तसेच ते दोन टिचक्यांत जातातही. तिथे एखादा अडथळा असता तर बरं, असं महिनाअखेरीला मला नेहमी वाटतं.

मी भाच्याला आमच्या चर्चगेट फास्टमधला मेंढीकोट सांगितला. मांडीवर ब्रीफकेस, तिच्यावर डाव. दश्शे हातात असोत की नसोत, चर्चगेट आलं की पत्ते गोळा. हरलेला आणि जिंकलेला दोघेही ऑफिसला वेळेवर. "मोक्षपट बघ," मी म्हटलं. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानोबामाउलींना देते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि शेवटच्या घरात सुटका. "अडथळे खुशाल घाल बाबा, पण माणसाला उतरायचं स्टेशन ठेव."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. वीस वर्षांत माझं बोलणं कोणी लिहून घेतल्याची ही पहिलीच वेळ.

सोमवारी मी अंगठ्याचे फॉर्म कपाटातून काढून वरच्या खणात ठेवले. आजोबा अजून आलेले नाहीत.

ताईला मात्र रविवारीच सांगून टाकलं, "जाऊ दे त्याला."

"आणि पगार कमी होणार त्याचं काय?"

"गरज नसलेला अडथळा आहे, पण स्वखुशीने घेतलाय."

ताईने काही न बोलता चहा पुढे केला. त्यात साखर नव्हती. हा अडथळा मात्र माझ्या खुशीचा नव्हता.