मागे राहणाऱ्याचे काय?

आमच्या पाबळला डोंगर म्हणजे बोडक्या टेकड्या, आणि उन्हाळ्यात पाणी म्हणजे टँकरची वाट. त्यामुळे सह्याद्रीच्या माथ्यावर कातळात साठलेल्या पाण्याचे आम्हाला भारी अप्रूप. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही नऊ जण हरिश्चंद्रगडाला निघालो. उर्दू शाळेतले आम्ही पाच शिक्षक, गावातले दोन तरुण, बारावीत शिकणारा माझा मावसभाऊ आणि शाळेतले शिपाई चाचा. चाचांची निवृत्ती वर्षावर आली होती. शाळेत ते मला 'सर' म्हणतात, फाटकाबाहेर 'बेटा'. एकदा कोकणकडा पाहायचा, हे त्यांचे म्हणणे मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकत होतो.

बेत माझा होता. खिरेश्वरहून टोलार खिंडीने चढायचे, देवळाजवळची पुष्करणी आणि केदारेश्वराच्या लेण्यातले गार पाणी पाहायचे, कोकणकड्यावर जायचे, मग १४०० मीटरहून उंच असलेला तारामतीचा माथा गाठून जुन्नर दरवाजाच्या वाटेने पुन्हा खिरेश्वरात उतरायचे. गोल फेरी. आल्या वाटेने परतायचेच नाही. जुन्नर दरवाजाची वाट फारशी मळलेली नाही, तिथे वाटाड्या लागतोच. आम्ही घेतलेला वाटाड्या खिरेश्वरातलाच एक तरुण होता. एवढे सगळे एका दिवसात होईल का, असे त्याने दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा 'होईल' म्हणालो.

खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळाचा टप्पा आहे. तो चढून गेल्यावर चाचांचा गुडघा आखडला. ते दगडावर बसले आणि म्हणाले, "तुम लोग जाव. मैं यहीच बैठता. वापसी में ले लेना."

आल्या वाटेने परतणार असतो तर त्यांच्या बोलण्यात वावगे काही नव्हते. थकलेल्याला सावलीत बसवावे, पाण्याची बाटली द्यावी, उतरताना बरोबर घ्यावे. पण गोल फेरीत असे करता येत नाही. मागे ठेवलेला माणूस तिथे मागेच राहतो, कारण चालणारे त्याच्याकडे परत येणारच नसतात. बेत आखताना हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

वाटाड्याने तोड सुचवली. तारामती सोडून द्यावी, चाचांच्या चालीने देवळापर्यंत जावे आणि याच वाटेने उतरावे. मी घड्याळाकडे पाहिले. तेच माझे उत्तर होते, आणि ते सगळ्यांना कळले. मग कोणीतरी चाचांना घेऊन खाली जावे, असे ठरले. कोण, यावर मात्र सगळे बुटांच्या नाड्या बांधू लागले. शेवटी मी मावसभावाला म्हणालो, "तू जातोस का रे?" तो सर्वांत लहान. मला 'नाही' म्हणण्याची त्याची प्राज्ञा नव्हती, आणि म्हणूनच मी त्याला विचारले. त्याने मुकाट्याने चाचांची पिशवी उचलली.

आम्ही सात जण फेरी पूर्ण करून अंधार पडता पडता खिरेश्वरात उतरलो. ते दोघे चहा पीत बसले होते. काही बिघडले नव्हते. परतीच्या गाडीत फोटो पाहून झाले, गाणी झाली.

महिन्याभराने घरी जेवताना मावसभावाच्या तोंडून सहज निघून गेले. उतरताना टोलार खिंडीत तो चुकला होता आणि पलीकडे कोथळ्याच्या बाजूला उतरू लागला होता. खिंडीत वाघाचे एक जुने शिल्प आहे. चढताना ते चाचांनी नीट पाहून ठेवले होते, त्यावरून त्यांनी वाट ओळखली आणि पोराला मागे फिरवले. म्हणजे ज्याला पोहोचवायला पोराला धाडले, त्यानेच पोराला पोहोचवले.

तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न आहे. काही वाईट झाले नाही, म्हणजे मी चुकलो नाही का? चाचांनी तो दगड पाहिला नसता आणि दोघे रात्रभर रानात अडकले असते, तर लोकांनी मला दोष दिला असता आणि मीही तो मान्य केला असता. पण माझे कृत्य दोन्ही वेळा तेच. फरक पडला तो चाचांच्या नजरेमुळे. त्याचे श्रेय मला कसे घेता येईल?

मे २००६ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला डेव्हिड शार्प हा इंग्रज गिर्यारोहक एका कपारीत मरणाला टेकला होता. त्याच्याजवळून सुमारे चाळीस जण पुढे गेले, असे सांगतात. एडमंड हिलरींनी यावर कडक शब्दांत टीका केली. त्याच महिन्यात, काही दिवसांनी, त्याच बाजूला मेला असे समजून सोडून दिलेला ऑस्ट्रेलियाचा लिंकन हॉल दुसऱ्या सकाळी डॅन मेझर आणि त्याच्या सोबत्यांना जिवंत दिसला. माथा जवळ असताना त्यांनी तो सोडला, आणि हॉल वाचला. या दोन हकिकती वाचून कोणाची बाजू घ्यायची ते आपल्याला लगेच कळते. मला त्यांचा उपयोग थोडाच झाला. तिथे जीव जात होता, आमच्याकडे गुडघा दुखत होता. आपल्या रोजच्या जगण्यात माणसे मरत नाहीत, नुसती मागे पडतात. म्हणून तर आपल्याला घड्याळ पाहता येते.

गडाच्या नावाचेही मला आता वेगळे वाटते. हरिश्चंद्र राजाने सत्यासाठी राज्य सोडले. त्यातच बायको आणि मुलगाही विकला गेला. शब्द राजाचा, किंमत मात्र तारामती आणि रोहिदास यांनीही मोजली. गडावरच्या शिखरांना ती नावे कोणी दिली असतील देव जाणे, पण सर्वांत उंच माथ्याचे नाव तारामती आहे. मी त्या माथ्यावर उभा राहिलो तेव्हा माझ्या हट्टाची किंमत एक पोरगा खाली मोजत होता.

वर्गातही मी तेच करतो. अभ्यासक्रम ही गोल फेरीच आहे. जूनमधला भागाकार पुन्हा येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला नापास करणे थांबवले, पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीसाठी राज्यांना पुन्हा मुभा दिली. कायदा कसाही असो, मागच्या बाकावरच्या मुलाला भागाकार येत नाही हे मला आधीच ठाऊक असते. तेव्हा मी वर्गातल्या एखाद्या गरीब स्वभावाच्या हुशार मुलीला म्हणतो, "त्याला जरा समजावून सांग." तीही 'नाही' म्हणत नाही.

चाचांकडे हा विषय मी फार उशिरा काढला. मला वाटले होते, ते रागावले असतील. ते म्हणाले, "मेरी वजह से सब लौटते, तो मैं किस मुँह से घर आता?" हेही खरेच. मागे पडणाऱ्यालाही इतरांच्या वाटेतली धोंड व्हायचे नसते. सगळ्यांनी परतणे हा त्याच्यावरचा जुलूमही ठरू शकतो. मला थोडे हलके वाटले. पण त्यांचे बोलणे संपले नव्हते. "पर बेटा, लडके को क्यों भेजा? तुम क्यों नहीं आये?"

याला मी उत्तर दिले नाही. वाटाड्याची वाट जुन्नर दरवाजाने होती, पैसे माझ्याकडे होते, गाडीवाल्याचा फोन माझ्याकडे होता, अशी कारणे तयार होती. ती सगळी खरीही होती.

या डिसेंबरात पुन्हा जायचे ठरले आहे. या वेळी पाचनईकडून, सोप्या वाटेने, आणि त्याच वाटेने परत. चाचा आता निवृत्त झालेत, वेळच वेळ आहे. कोकणकडा जमला तर बघू म्हणतात, नाहीतर देवळाजवळ बसू. मावसभावाला तारामतीवर जायचे आहे. तो वरून उतरेपर्यंत मी चाचांबरोबर पुष्करणीपाशी थांबणार आहे.