शंभर टनांनंतर

शिरोळच्या शिवारात एक शेतकरी होता. गाव त्याला अण्णा म्हणायचं. नदीकडच्या अंगाला त्याचं पाच एकर रान. काळंभोर, खोल, भिजलं की पायाला चिकटणारं आणि वाळलं की हात जाईल एवढ्या भेगा पडणारं. बापाच्या काळात त्यात एकरी ४० टन ऊस निघाला तरी घरात पुरणाचा बेत व्हायचा. अण्णा कारभार बघायला लागला आणि त्यानं एकच आकडा मनात धरला : एकरी १०० टन.

त्यापायी त्यानं करायचं काही बाकी ठेवलं नाही. तीन फुटांची सरी साडेचार फुटांवर नेली. कांडी पुरायची सोडून एक डोळ्याची रोपं आणली. को ८६०३२ जातीचं बेणं स्वतः निवडलं, पाचट पेटवायचं बंद केलं. लग्नाच्या पंगतीत बसला तरी शेजारच्याला फुटव्यांचं गणित सांगायचा. अखेर एका हंगामात त्याच्या एक एकराच्या प्लॉटचं वजन काट्यावर १०४ टन भरलं. सत्कार झाला, फेटा बांधला, शाल-नारळ मिळाला, पेपरात फोटो आला.

रात्री पाहुणे गेले, फेटा खुंटीला लागला आणि अण्णाला झोप येईना. शंभर झालं. आता काय? एवढी वर्षं एकच आकडा उशाशी घेऊन झोपलेल्या माणसाला दुसरं काही मागायची सवयच राहिली नव्हती. मिळालं तेच आणखी थोडं मागावं, एवढंच त्याला सुचलं. सकाळी चहा घेताना तो बायकोला म्हणाला, “औंदा सव्वाशे.”

“आणि सव्वाशे झाल्यावर?”

“मग दीडशे.”

ती काही बोलली नाही. कप उचलून आत गेली.

सव्वाशेसाठी खताचा डोस वाढला. आठ-दहा दिवसांची पाण्याची पाळी पाच-सहा दिवसांवर आली. पाणीपट्टी एकरावर ठरलेली, मग हात आखडायचं कारणच काय? सरी तुडुंब भरेपर्यंत मोटर चालायची. आणि अण्णानं आणखी एक काम केलं. त्याच्या रानाच्या खालच्या कडेनं एक जुनी ओघळ होती. पावसाळ्यात वरच्या शिवाराचं पाणी तिच्यातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जायचं. उन्हाळ्यात ती कोरडीच, नुसती बाभळी आणि गवत. एका मे महिन्यात त्यानं जेसीबी लावून ती बुजवली आणि तिथवर सरी ओढली. चार गुंठे रान वाढलं. त्याचं बघून खालच्यानं बुजवली, त्याचं बघून त्याच्या खालच्यानं.

सव्वाशे काही आलं नाही. ९८ आलं, मग ९०, मग ७६. एका उन्हाळ्यात खालच्या कोपऱ्यात जमिनीवर पांढरट साय धरलेली दिसली. युरियाचं पोतं फुटलं असेल, असं म्हणत त्यानं वर आणखी पाणी सोडलं. पुढच्या वर्षी ती साय अर्ध्या एकरावर पसरली. रोपं गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडायची, मधेमधे टक्कल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तर सगळं शिवारच पाण्याखाली गेलं आणि अण्णाला दोष ठेवायला जागा मिळाली. “पुरानं रान नासलं,” तो सांगू लागला. पण ओढ्याच्या पल्याड, जिथं ओघळी शाबूत होत्या, तिथली रानंही त्याच पुरात बुडाली होती. दोन हंगामांत ती पुन्हा हिरवी झाली. अण्णाचं रान पांढरंच राहिलं.

शेवटी त्यानं माती तपासायला दिली. तपासणाऱ्यानं रानात येऊन दोन फुटांचा खड्डा घ्यायला लावला. ते बोलत उभे होते तोवर खड्ड्यात तळाला पाणी पाझरून आलं.

“अण्णा, नदीचं पाणी गोडं असलं तरी त्यात थोडे क्षार असतातच. एका पाळीला तीन इंच पाणी धरा. एकराला झालं साधारण ३ लाख लिटर. लिटरमागं अर्धाच ग्रॅम क्षार धरला तरी १५० किलो. म्हणजे दर पाळीला तुम्ही रानात मिठाची तीन पोती ओतताय. पाणी खाली निचरून गेलं तर ते त्याच्याबरोबर जातं. तुमच्याकडं पाण्याला जायला वाटच नाही. ते वर चढतंय, उन्हानं उडून जातंय आणि मीठ तेवढं मागं राहतंय.”

“जिप्सम टाकू? शेणखत वाढवू?”

“टाका की. पण आधी बाहेर जायची वाट करा. आत घालायचं लई झालं.”

घरी आल्यावर अण्णानं हे आईला सांगितलं. म्हातारी दर पावसाळ्यात नृसिंहवाडीला जाणारी. कृष्णा-पंचगंगा फुगल्या, पाणी देवळातल्या पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं की त्या दक्षिणद्वारात स्नानाला गर्दी होते. तिनं ते कितीदा तरी बघितलेलं. ती म्हणाली, “वाडीला पाणी द्येवाच्या पायापातूर येतंय आन् दक्षिणदारानं जातंय. द्येवानंबी त्ये ठिऊन घेतलं न्हाई. तू कशाला धरून बसलाईस?”

अण्णानं मान खाली घातली. दक्षिणदार तर त्यानं स्वतःच बुजवलं होतं, चार गुंठ्यांसाठी.

निचऱ्याची माहिती काढायला त्याला लांब जावं लागलं नाही. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं तालुक्यातली क्षारपड जमीन सुधारायचं काम हाती घेतलेलं होतं. चार फूट खोल चर काढायचा, त्यात जाळी गुंडाळलेले सच्छिद्र पाईप उताराला लावून घालायचे, ते मुख्य पाईपला जोडायचे आणि मुख्य पाईप ओढ्याला सोडायचा. ऐकायला सोपं. पण मोजणी करणारा म्हणाला, “तुमच्या पाच एकरांचं एकट्याचं होणार नाही. उतार खालच्या रानातनं आहे. ओढ्यापर्यंत सगळे तयार झाले तरच पाईप जाईल.”

अण्णा इथं अडला. शंभर टन त्यानं एकट्यानं काढले होते. सल्ला, बेणं, कष्ट, सगळं आपल्या बांधाच्या आत. बांधापलीकडच्या माणसाकडं काही मागायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आणि लगतचं रान होतं चुलतभावाचं. दोन हात बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

त्यानं आधी जेसीबी बोलावला आणि आपल्या रानातली ओघळ उकरून मोकळी केली. चार गुंठे गेले. मग संध्याकाळी चुलतभावाच्या दारात जाऊन उभा राहिला.

“बांधाचं भांडण हाय तिथं ऱ्हाऊ दे. ते आपण सावकाश भांडू. आधी पाणी जाऊ दे.”

चुलतभाऊ कितीतरी वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “माझंबी दीड एकर पांढरं पडलंय. बस.”

बाकीच्यांकडं दोघं मिळून गेले. कुणी खर्चावर अडलं, कुणी मोठेपणा कोण घेणार यावर, कुणाला वाटलं अण्णाला पुन्हा सत्कार पाहिजे. दोन उन्हाळे बोलण्यात गेले. तिसऱ्याला पोकलेन लागलं. पहिल्या पावसानंतर सगळे ओढ्याकाठच्या तोंडाशी जमले. पाईपातून मनगटाएवढी गढूळ धार पडत होती. अण्णानं बोट भिजवून जिभेला लावलं. खारट. त्यानं चुलतभावाकडं बघितलं, त्यानंही बोट लावलं. “एवढं सगळं आपणच घातलंय व्हय रं?” तो म्हणाला.

रान एका वर्षात सुधारत नाही. आधी धैंचा गाडला, मग गहू घेतला, मग ऊस लावला. अण्णाला पहिल्या लागणीत एकरी ५० टन मिळाले, पुढच्या लागणीत ६५. पण ओढ्यापर्यंतच्या सगळ्या रानांत, जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं, ऊस उभा होता. अण्णा तेवढ्यावर थांबला नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला आणखी एक पांढरा पट्टा होता. तिथल्या शेतकऱ्यांच्या दारात तो सकाळ-संध्याकाळ चपला झिजवू लागला.

“झालं की तुमचं रान चांगलं,” बायको म्हणाली, “आता तिकडं कशाला?”

“पायजे म्हणून,” तो म्हणाला. “शंभर झालं तवा कळंना, आणिक काय मागावं. आता कळतंय.”

हाव आणि उमेद दोन्हींची सुरुवात ‘आणखी हवं’ इथूनच होते, म्हणून माणसाची फसगत होते. ठरवलेलं मिळाल्यावर मन थांबत नाही आणि थांबावंही का? पण त्याच बांधात तेच पुन्हा ओतत राहिलं की सुपीक रानही खारं होतं. पुढचं मागणं बांध ओलांडून जाणारं असेल, तर आपलं रानही त्यातच सुधारतं.

परवा गावातला एक तरणा पोरगा अण्णाकडं आला. पहिलीच लागण, डोळ्यांत तोच आकडा. “अण्णा, एकरी शंभर काढायचाय. काय करू?”

अण्णानं त्याला बेणं सांगितलं, सरी सांगितली, खताचं वेळापत्रक वहीत लिहून दिलं. पोरगा उठला तसं त्याला पुन्हा खाली बसवलं.

“शंभर काढच. पण झाल्यावर काय करणार, ते आत्ताच ठरव. आणि काय वाट्टेल ते झालं तरी ओघळ बुजवू नगंस.”