‘सोड’ म्हणणाऱ्याचा धर्म

नेमावरात राहणाऱ्या माणसाला त्यागाविषयी कुणी निराळे शिकवावे लागत नाही. सिद्धनाथाच्या देवळाजवळच्या घाटावर नर्मदेचे परिक्रमावासी येऊन उतरतात. खांद्याला झोळी, हातात काठी, घरदार मागे ठेवून निघालेली माणसे. गावातच जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. तेथे अपरिग्रहाचा विचार वर्षानुवर्षे कानांवर पडतो. शाळेत प्रार्थनेनंतरच्या पाच मिनिटांत मीही मुलांना हेच सांगत आलो : धरून ठेवू नका, सोडायला शिका. अशा या गावात, माझ्याच घरात, एक कमालीचा परिग्रही जीव येऊन राहिला आणि त्याने माझी तत्त्वज्ञानातली एम. ए.ची पदवी अंगणातल्या धुळीत लोळवली. त्याचे नाव बंड्या.

बंड्या हा कुत्रा. आई लॅब्राडोर, वडील गल्लीतले. बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबाने तो दीड वर्षाचा असताना आमच्या हवाली केला. शिकाऱ्याने पाडलेले पाखरू पाण्यातून अलगद उचलून मालकाच्या हातात आणून द्यावे, यासाठी इंग्लंडात लॅब्राडोरची जात जोपासली गेली. आमच्या बंड्याने आईकडून उचलण्याचा गुण पुरेपूर घेतला. आणून देण्याचा गुण मात्र वाटेत कुठेतरी सांडला. चेंडू फेकला की बाणासारखा सुटायचा, तोंडात धरायचा आणि माझ्यापासून बरोबर चार हातांवर येऊन उभा राहायचा. मी एक पाऊल पुढे टाकले की तो दोन पावले मागे.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर हा खेळ चाले. पन्नाशी उलटलेले मुख्याध्यापक चष्मा सावरत कुत्र्यामागे धावत आहेत, हे दृश्य पाहायला मुले जमत. एकदा सातवीतल्या एका पोराने मला मनापासून सल्ला दिला, “सर, छोड़ बोलिए, छोड़! सोड इसको समझता नहीं।” आपल्या दुभाषी मुलखाचा हा व्यवहारी उपाय मी करूनही पाहिला. बंड्याला ‘सोड’ कळत नव्हते, तसे ‘छोड़’ही कळत नव्हते. किंवा खरे सांगायचे तर दोन्ही पुरेपूर कळत होते.

एके दिवशी मी त्याला कोपऱ्यात गाठले आणि जबडा उघडून चेंडू काढायला गेलो. तो गुरगुरला. चावला नाही, पण ती खालच्या पट्टीतली गुरगुर माझ्या मनगटापर्यंत पोचली. घरात येऊन मी म्हणालो, “कृतघ्न आहे.” सौ. म्हणाली, “अहो, कृतघ्न कसला? तुम्ही रोज त्याच्याकडून चेंडू घेता आणि कपाटात ठेवता. तुम्हाला चेंडू दिला की खेळ संपतो, एवढंच तर तो शिकलाय तुमच्याकडून.”

मी गप्प झालो. तीस वर्षे शिकवण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला, आपण नेमके काय शिकवत होतो, हे घरातून कळले.

लांडग्यांचा आयुष्यभर अभ्यास केलेले अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी एक निरीक्षण नोंदवले आहे. तोंडातला आणि तोंडालगतचा घास ज्याचा त्याचा. कळपातला दुबळा लांडगादेखील तेवढ्यापुरता बलवानासमोर हक्क सांगतो. म्हणजे बंड्याची गुरगुर हा उद्धटपणा नव्हता. ती फार जुन्या कायद्याची आठवण होती, आणि शिवाय इशाराही. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारले तर तो गुरगुरणे सोडतो, धरणे सोडत नाही. पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

मग आम्ही उलटे सुरू केले. सारखेच दोन चेंडू आणले. एक फेकायचा. बंड्या तो घेऊन आला की त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता दुसरा चेंडू हातात खेळवायचा. धावायचे नाही; उलट पाठ फिरवून चालू लागायचे. पाठलाग थांबला की पळण्यातली मजा जाते आणि तो आपणहून मागे येतो. सुरुवातीला गळपट्ट्याला लांब सुती दोरी बांधली, ओढण्यासाठी नव्हे, नुसता फार दूर जाऊ नये म्हणून. दुसऱ्या चेंडूच्या मोहाने तोंडातला खाली पडला की त्याच क्षणी म्हणायचे ‘सोड’, आणि लगेच दुसरा फेकायचा. कधी पोळीचा तुकडा द्यायचा, आणि तुकडा खाऊन होताच त्याचाच चेंडू त्याला परत द्यायचा. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. दिलेली वस्तू परत येते, हे त्याला दहा वेळा नव्हे, शंभर वेळा दिसले पाहिजे. लहान मुलांना यात हात घालू द्यायचा नाही. ज्याचा कुत्रा खरोखर चावण्यावर येतो त्याने आधी जाणकाराला विचारावे.

तीन आठवडे काही विशेष घडले नाही. मग एका संध्याकाळी माझ्या हातात ना दुसरा चेंडू होता ना पोळी. बंड्या आला, चार हातांवर थांबला, मला निरखून पाहिले आणि चेंडू माझ्या चपलेजवळ ठेवला.

शाळेत संस्कृतच्या गुरुजींना मी ही कथा अभिमानाने सांगितली. ते हसून म्हणाले, “सर, हा त्याग नव्हे. ही लाच. उद्या पोळी बंद, परवा त्याग बंद.” आक्षेप जुना आणि खरा आहे. मोबदल्यासाठी सोडले तर त्याला सोडणे म्हणावे का? मी काही दिवस त्यावर विचार केला. मला वाटते, गुरुजी पहिल्या आठवड्याबद्दल बोलत होते आणि मी चौथ्या. पहिल्या आठवड्यात तो व्यवहार होता यात शंका नाही. पण व्यवहार पुन्हा पुन्हा प्रामाणिकपणे पार पडला की त्यातून एक तिसरी गोष्ट जन्माला येते. तिचे नाव विश्वास. चौथ्या आठवड्यात बंड्याने चेंडू ठेवला तो पोळीकडे पाहून नव्हे, माझ्याकडे पाहून.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१३ साली छापून आला. तीन ते पाच वर्षांची २८ मुले. थांबलास तर एका गोळीऐवजी दोन मिळतील, असे प्रत्येकाला सांगितले. त्याआधी निम्म्या मुलांशी मोठ्या माणसाने दिलेला शब्द पाळला होता, निम्म्यांशी मोडला होता. शब्द पाळलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. मोडलेली ३ मिनिटे. आपण थांबू न शकणाऱ्या मुलाला हावरट म्हणतो. आपला शब्द आधी मोडला होता का, हे विचारत नाही.

तर मुद्दा असा. आपल्या परंपरेने सोडणाऱ्याचा धर्म फार बारकाईने सांगितला. ईशावास्याच्या पहिल्याच मंत्रात भोगाची सांगड त्यागाशी घातली आहे. पण सोडायला सांगणाऱ्याचाही काही धर्म असतो, त्याकडे आपले लक्ष कमी गेले. संतांचे मात्र गेले होते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि नामदेवांना सर्वांभूती देव दिसला, एवढाच अर्थ घेतो. बंड्यामागे धावून दमल्यावर मला त्यातला दुसरा अर्थ दिसला. कुत्र्यामागे सगळेच धावतात. नामदेव काढून घ्यायला धावले नव्हते.

विनोबांचेही तेच. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिले भूदान मिळाले. त्यानंतर वर्षानुवर्षे ते पायी फिरत जमीन मागत राहिले. मिळालेल्या जमिनीत पडीक पुष्कळ होती, वाटपही पुरे झाले नाही. हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्यांनी दिली त्यांनी एका अशा माणसाला दिली, ज्याच्याजवळ स्वतःचे कपाटच नव्हते. आपल्या मध्यप्रदेशात १९६० साली चंबळच्या काही दरोडेखोरांनी त्याच माणसापुढे बंदुका ठेवल्या. मागणारा कोण आहे, हे देणारा आधी पाहतो. बंड्याने चार हातांवर थांबून तेच पाहिले होते.

आता कपाटाचा विषय निघालाच आहे, तर दोन कपाटांविषयी सांगून संपवतो.

पहिले शाळेतले. वर्गात खेळताना जप्त केलेले चेंडू माझ्या टेबलाच्या खालच्या खणात असत. “सुट्टीत घेऊन जा” असे मी म्हणत असे. सुट्टी लागे, मीही विसरे, मुलेही भिऊन येत नसत. मोजले तेव्हा ते २३ निघाले. काहींचे रबर वाळून चिरले होते. त्यांचे मालक केव्हाच शाळा सोडून गेले असतील, आणि जाताना माझ्याकडून काय शिकून गेले असतील, याचा विचार करून मला बरे वाटले नाही. आता मी चेंडू घेतो आणि शेवटची घंटा झाली की स्वतः वर्गात जाऊन परत देतो. मुले हल्ली चेंडू लपवत नाहीत, उगाच लपवाछपवी करून खोटेही बोलत नाहीत.

दुसरे कपाट घरातले. त्यात एक कागद आहे. वडील गेले तेव्हा हे घर, त्यांनी स्वकष्टाने बांधलेले, मुलगा म्हणून माझे आणि मुलगी म्हणून धाकट्या बहिणीचे झाले. १९५६ च्या कायद्यापासून ते तसेच आहे. ती नदीपलीकडे, हरद्याला दिलेली. मी तिला म्हणालो, “सही कर ग, नुसती औपचारिकता आहे.” तिने वाचले नाही, सही केली. मी तिला एक चांगली साडी घेतली. त्या कागदाला मराठीत आपण हक्कसोड म्हणतो, इथल्या कचेरीच्या हिंदीत हक त्याग. इतकी वर्षे मी सर्वांना सांगत आलो की माझ्या बहिणीने हसत हसत त्याग केला.

बंड्याने चेंडू पायाशी ठेवला त्या रात्री मला झोप आली नाही. साडी हा पोळीचा तुकडा होता, हे मला स्पष्ट दिसले. फरक एवढाच, की बंड्याला मी त्याचा चेंडू परत देत होतो.

मी तिला फोन करून सरळ विचारले, “त्या वेळी तुझ्या मनात काय होतं?” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, तू तेव्हा विचारलं नव्हतंस, सांगितलं होतंस. नाही म्हटलं असतं तर माहेर बंद झालं असतं. घराचं राहू दे. पण माहेरी येताना आधी विचारावं लागू नये, असं मात्र वाटतं.”

वकिलांनी सांगितले की नोंदलेली हक्कसोड नुसती फाडून होत नाही. निम्म्या घराचे दानपत्र करावे लागेल. मसुदा तयार आहे. मुलगा म्हणतो, “बाबा, आत्यानं मागितलं तरी आहे का? मग कशाला?” त्याने हे म्हटले तेव्हा, आणि खरे तर मसुद्यावर माझे नाव वाचले तेव्हाही, माझ्या घशात एक गुरगुर उठली. बंड्याची होती तशीच, खालच्या पट्टीतली. तिच्याबद्दल मी आता मुलावरही रागावत नाही आणि स्वतःवरही. ती जुनी आहे. पण तिचे म्हणणे मी ऐकणार नाही.

भाऊबीजेला बहीण येईल. दिवाळीची सुट्टी संपून कचेरी उघडेपर्यंत मी तिला ठेवून घेणार आहे. या खेपेस सही करायची पाळी माझी आहे, आणि हा कागद ती आधी नीट वाचणार आहे.