ताप येईल हे सांगावे काय?

खेड्यात लसीकरणाच्या दिवशी एक प्रश्न वारंवार उभा राहतो, आणि तो दिसतो तितका लहान नाही असे आम्हांस वाटते. सहा आठवड्यांचे मूल घेऊन आई अंगणवाडीच्या ओट्यावर आलेली असते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात इत्यादी पाच रोगांवरील लस मुलाच्या मांडीत टोचावयाची असते. ती टोचली म्हणजे पुष्कळ मुलांस ताप येतो व मांडी दुखते. एक दोन दिवसांत ते बरे होते. आई विचारते, "बाळाला काही होणार तर नाही ना?" यास उत्तर काय द्यावे?

हा प्रश्न टोचणाऱ्या परिचारिकेचा आहे, परंतु तिच्यावर देखरेख करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा तो अधिक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा हा अधिकारी बहुधा स्वतः सुई हाती धरीत नाही. कोणत्या गावी कोणत्या दिवशी लस द्यावी हे त्याने ठरवावयाचे, लस २ ते ८ अंश उष्णतामानात राहिली की नाही हे पाहावयाचे, काही विपरीत घडल्यास धावून जावयाचे, आणि महिनाअखेर किती मुलांस लस मिळाली तो आकडा वर पाठवावयाचा. त्या आकड्यात मूल मोजले जाते. आईस काय सांगून आणले, हे तेथे लिहिले जात नाही.

"तापाचे बोलू नका, बाया परत जातील," असे जो अधिकारी म्हणतो, त्याची बाजू आम्ही हलकी समजत नाही. गोवर थांबवावयाचा तर शंभरांतील सुमारे ९५ मुलांस लसीच्या दोन मात्रा मिळाव्या लागतात. चार आया परतल्या, तर त्यांचीच मुले नव्हे, तर नऊ महिन्यांची न झाल्यामुळे ज्यांस ती लस अद्याप मिळालेली नाही अशी तान्ही बाळेही उघडी पडतात. मग दोन दिवसांचा ताप लपवून एक जीव वाचत असेल, तर त्यात दोष तो कोणता?

यास आमचे पहिले उत्तर असे की, हा ताप लपतच नाही. दिवसा जे सांगितले नाही, ते मध्यरात्री मूल स्वतः सांगते. तेव्हा आई म्हणणार की, लस बिघडलेली होती, नाही तर बाई खोटे बोलली. तीच लस १० व्या व १४ व्या आठवड्यात पुन्हा द्यावयाची असते. गप्प राहून पहिल्या खेपेस मिळविलेले मूल दुसऱ्या खेपेस येत नाही, आणि त्याच्याबरोबर शेजारणीचेही येत नाही. म्हणूनच आपल्या देशाच्या कार्यक्रमात प्रत्येक आईस चार गोष्टी सांगाव्या असा नियम आहे: कोणती लस दिली व ती कोणत्या रोगावर, कोणता त्रास होऊ शकेल व तेव्हा काय करावे, पुन्हा केव्हा यावे, आणि कार्ड जपून ठेवावे.

दुसरे उत्तर याहून कठीण प्रसंगाचे आहे. डॉक्टर हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी त्या लसीच्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांस कामावरून दूर केले गेले. गावात बाटली उघडतानाच तीत दूषण शिरले असावे, हे मागाहून पुढे आले, आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. असा प्रसंग क्वचित येतो, परंतु येतो; आणि तेव्हा अधिकाऱ्यास गावापुढे उभे राहून म्हणावे लागते, "थांबा, कारण शोधू या, जे सापडेल ते तुम्हांस सांगू." ज्याने काल "काहीच होत नाही" असे सांगितले, त्याचे हे बोलणे आज कोण ऐकेल?

तथापि एक शंका उरतेच. खरे सांगितले, आई परत गेली, आणि पुढे ते मूल डांग्या खोकल्याने दगावले, तर? त्या मुलाचे ओझे अधिकाऱ्याच्या मनावर राहील, आणि ते राहावेच. परंतु त्याने स्वतःस विचारावे की, आपण सर्व खरे सांगितले होते काय? तापाचे सांगितले आणि खोकल्याने गुदमरणाऱ्या तान्ह्या मुलाचे सांगितले नाही, तर तेही अर्धेच सत्य झाले. शिवाय एकदा सांगून कर्तव्य संपत नाही. १९९५ साली पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, तेव्हा पुष्कळ घरांनी दार लावले. त्या दारांशी कार्यकर्त्या पुन्हा पुन्हा गेल्या. आपल्या देशात निसर्गतः पसरणाऱ्या पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. आईस फसविणे हा जवळचा रस्ता आहे. तिच्या दारी दहा वेळा जाणे हा लांबचा. पण मूल तिचे आहे, रात्रभर जागणार तीच आहे, म्हणून तिला अजाण समजण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणासही नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या शब्दास गावात मान आहे, म्हणून आशाताई त्यांस सोबत बोलावितात. त्यांस आमची विनंती इतकीच की, "काही होत नाही" असे म्हणू नये. "ताप येईल, एक दोन दिवसांत उतरेल; न उतरला किंवा मूल सुस्त झाले तर मला हाक मारा, मी दवाखान्यात सोबत येतो," असे म्हणावे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी न बोलावता, त्या घरी जाऊन बाळाची विचारपूस करावी.