शस्त्र हे भूषण की लांछन?

गेल्या हिवाळ्यात मी भाच्याकडे ह्यूस्टनला दोन महिने राहून आलो. अमेरिकेच्या प्रवासाचे वर्णन या पानांतून पुष्कळांनी केले आहे, त्यात मी भर घालत नाही. मला सांगायची आहे ती एका वस्तूची गोष्ट आणि तिच्यामुळे मनात सुरू झालेला एक वाद.

पोहोचल्यावर तिसऱ्याच दिवशी भाचा म्हणाला, "मामा, या, तुम्हाला एक गंमत दाखवतो." कपाटातील लोखंडी पेटी उघडून त्याने एक रिव्हॉल्व्हर काढले, चक्री बाजूला पाडून सहाही घरे रिकामी असल्याचे दाखवले आणि मग ते माझ्या हातात दिले. वजन सव्वा किलोच्या आसपास. आमच्या आईच्या खलबत्त्यातील बत्ता आठवला. नळी मात्र जेमतेम अडीच इंच, आणि तिचे तोंड एवढे मोठे की करंगळीचे टोक सहज आत जावे. चव्वेचाळीस मॅग्नमचे हे हत्यार रूगर कंपनीचे. २००५ साली बाजारात आलेल्या या जातीचे नाव 'अलास्कन' आहे. अलास्कात नदीवर मासे धरणाऱ्या माणसासमोर झुडपातून एकदम अस्वल आले, तर लांब बंदूक खांद्यावरून काढायला वेळ मिळत नाही. छातीवरच्या पट्ट्यातून झटकन निघेल असे आखूड पण जबरदस्त हत्यार त्याला हवे, म्हणून हे घडवले.

मी विचारले, "अरे, पण तुमच्या या वसाहतीत अस्वल कुठले?"

तो हसला. पण उत्तर दिले नाही.

पुढच्या रविवारी तो मला नेमबाजीच्या जागी घेऊन गेला. कानांवर जाड आवरणे, डोळ्यांवर चष्मा. त्याने बजावले की बोटे चक्रीच्या पुढे न्यायची नाहीत, कारण चक्री आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटीतून आगीची झळ बाजूला फुटते. साडेपंधरा ग्रॅमची गोळी लोटणारी ती दारू सावकाश जळणारी असते, तिला लांब नळी लागते. इथे नळी संपते तेव्हा बरीचशी दारू जळायची बाकी असते आणि ती बाहेर हवेत पेटते. म्हणजे गोळीचा वेग घटतो, भडका वाढतो, धक्का तर मनगटापासून खांद्यापर्यंत जातो. पुढचा आणि मागचा नेम यांतले अंतर कमी, म्हणून हात तसूभर हलला तरी गोळी भलतीकडे. सात यार्डांवरच्या कागदावर माझ्या पाच गोळ्यांपैकी दोन लागल्या.

आणि खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. पंचाहत्तरी जवळ आलेला माणूस मी, पण पहिल्या बारानंतर छाती भरून आली. भाचा म्हणाला, "बघितलंत? अवघड घोडा काबूत आणल्याचं सुख असतं हे. कुणाचं काही वाईट चिंतत नाही आम्ही." त्याचे हे म्हणणे खोटे नाही. तिथे आलेली माणसे सभ्य होती, नियम काटेकोर पाळत होती, आणि त्यांची शिस्त आपल्या सिनेगॉगच्या सभेत असती तर बरे झाले असते, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

तरी रात्री झोप आली नाही. मिश्नाच्या शब्बाथ प्रकरणातील सहावा अध्याय आठवत राहिला. शब्बाथला अंगावर काय घालून बाहेर पडावे याची ती चर्चा. दागिना चालतो, ओझे चालत नाही. मग तलवार, धनुष्य, ढाल, भाला यांचे काय? रब्बी एलिएझर म्हणतात, ती पुरुषाची भूषणे आहेत. बाकीचे ज्ञानी म्हणतात, छे, ते लांछन आहे, आणि यशयाने पाहिलेल्या त्या दिवसाकडे बोट दाखवतात, जेव्हा तलवारी ठोकून नांगराचे फाळ होतील. नीट पाहिले तर शस्त्र बाळगावे की नाही, हा इथे वादच नाही. गरज पडली तर बाळगायचे, हे दोघांनाही मान्य असावे. वाद एवढाच की ते मिरवायचे का.

भूषणाची ही हौस फार जुनी आहे. आखूड नळीचे मोठ्या तोंडाचे रिव्हॉल्व्हर बर्मिंगहॅमच्या वेब्लींनी १८७२ मध्ये काढले. नाव 'ब्रिटिश बुलडॉग', आणि नळी तेव्हाही अडीच इंच. कोटाच्या खिशात मावावे एवढाच त्या आखूडपणाचा हेतू. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर झाडलेले हत्यार याच जातीचे होते. १९ सप्टेंबरला ते वारले. मारेकऱ्याने हस्तिदंती मुठीचे पसंत केले, कारण पुढे संग्रहालयात शोभून दिसेल, असे सांगतात. अमेरिकेत १९७३ साली 'बुलडॉग' हेच नाव घेऊन चव्वेचाळीसचे पाच गोळ्यांचे एक हलके रिव्हॉल्व्हर निघाले. ते कितीतरी दुकानदारांच्या गल्ल्यात निमूटपणे पडून राहिले, आणि त्यांतल्याच एकाने १९७६-७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा माणसे मारली. लोखंडाला दोष देऊन उपयोग नाही, हे मलाही कळते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी भाच्याला निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायाची आठवण दिली. चोर रात्री भिंत फोडताना मारला गेला तर रक्ताचा दोष नाही. सूर्य उगवल्यावर मारला तर दोष आहे. पुढे तालमूदने आणखी बारकावा घातला की पाठलाग करणाऱ्याचा हातपाय निकामी करून भागत असेल तर त्याचा जीव घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही. मी म्हणालो, "या तुझ्या तोफेने हातपाय निवडता येतील का?"

तो म्हणाला, "मामा, अंधारात, भेदरलेल्या माणसाला कुठल्याच पिस्तुलाने ते जमत नाही." हे मला मान्य करावे लागले. मग मी भिंतीवर टकटक केली. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे पुठ्ठे ठोकून केलेल्या असतात. ही गोळी अशा भिंतीतून आरपार जाते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. सुट्टीत मुले आली की त्या भिंतीपलीकडेच झोपतात.

इथे सांगितले पाहिजे की भाच्याचा संसार दीड वर्षापूर्वी मोडला. मुले आईकडे असतात. एवढ्या मोठ्या घरात तो एकटा, स्वयंपाकघरात भांडी तशीच, आणि ही लोखंडी पेटी झोपण्याच्या खोलीत. मला अस्वलाची काळजी नव्हती, चोराचीही फारशी नव्हती.

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतली २६,३२८ स्वतःच्या हाताने. अर्ध्याहून जास्त. आणि आपल्या इस्रायलचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. २००६ साली सैन्याने नियम केला की सुट्टीवर घरी जाणाऱ्या तरुण शिपायांनी रायफल तळावर ठेवून जावे. त्यानंतर शिपायांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः आठवड्याच्या सुट्टीच्या दिवसांतली होती. मुले तीच होती, दुःखेही तीच असतील. फक्त त्या वाईट घटकेला हत्यार हाताशी नव्हते.

मग जे कोणालाच सांगितले नव्हते ते मी भाच्याला सांगितले, आणि आता वय झाले म्हणून इथेही लिहितो. सीमेजवळच्या मोशावात राहत होतो तेव्हापासून माझ्याकडे परवान्याचे एक लहान रिव्हॉल्व्हर होते. वीस वर्षांत एकदाही कुणावर रोखण्याची वेळ आली नाही. २००३ मध्ये तुझी मामी गेली, म्हणालो, आणि शिव्याचे दिवस संपून पाहुणे आपापल्या घरी परतल्यावर एका रात्री मी ते कपाटातून काढून टेबलावर ठेवले आणि पहाटेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिलो. का, ते विचारू नकोस. सकाळी दूधवाल्याची गाडी वाजली तेव्हा उठलो, आणि दुपारी परवान्यासकट ते पोलिस ठाण्यात परत करून आलो.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

रब्बी नाथान यांचा एक विचार आहे. धाब्याला कठडा बांध, या आज्ञेवरून ते शिकवतात की घरात चावरा कुत्रा पाळू नये आणि मोडकी शिडी उभी ठेवू नये. मी तोच त्याला सांगितला. शिडी कायमची मोडकी नसते, दुरुस्त होते. दुरुस्त होईतो बाहेर ठेवावी.

वाचकांपैकी पुष्कळजण इथे मला अडवतील. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर आपल्या देशात परवान्यांसाठी रांगा लागल्या. माझ्या जावयानेही अर्ज केला, मी त्याला विरोध केला नाही. ज्या गावांतून त्या सकाळी मदतीची वाट पाहत माणसे मेली, त्यांना शस्त्र हे लांछन आहे असे कोणत्या तोंडाने सांगू? जावयाला एवढेच विचारले की रात्री ते कुठे असते आणि किल्ली कुणाकडे असते. त्याला माझा राग आला. येऊ दे.

निघायच्या आदल्या दिवशी भाच्याने पेटी उचलली आणि एका मित्राच्या घरच्या तिजोरीत ठेवून आला. "विकत नाही हं मामा," परत आल्यावर म्हणाला, "नेम धरायला रविवारी आणणार." मी म्हटले, आण.

दर शुक्रवारी दिवे लावण्याआधी मी त्याला फोन करतो. मुलांचे विचारतो, जेवलास का विचारतो, आणि मग तेही विचारतो. तिथेच आहे, असे तो म्हणतो. गेल्या शुक्रवारी म्हणाला की उन्हाळ्यात थोरल्याला घेऊन अलास्काला मासे धरायला जायचा बेत आहे, तेव्हा मात्र ते बरोबर नेईन.