वुजूचे पाणी आणि अंगणातील झाड



आपल्यापैकी अनेकजण रात्री झोपण्यापूर्वी सूरह अल्-मुल्कचे पठण करतात. या सूरहचा शेवट एका प्रश्नाने होतो. तुमचे पाणी जमिनीत खोल निघून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला आणून देणारा कोण, असे अल्लाह माणसाला विचारतो. अरबस्तानात अवतरलेला हा प्रश्न आज पुण्यात, उन्हाळ्यात आटणाऱ्या बोअरवेलपाशी आणि टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीच्या दारात तितकाच जिवंत आहे.

पुण्याच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांचे आहे. याच साठ्यातून कालव्याने हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतील शेतीलाही पाणी जाते. म्हणजेच आपण येथे वाया घालवलेल्या पाण्यात, कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याचाही वाटा असतो. अल्लाह आपला हक्क कृपावंत होऊन माफ करू शकतो. बंद्याचा हक्क मात्र त्या बंद्याने माफ केल्यावाचून सुटत नाही. त्या अनोळखी शेतकऱ्याला गाठून आपण माफी कशी मागणार?

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, हे सहीह हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे ओंजळीचे माप, एक लिटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. आपण डोक्याचा मसह करीत असताना नळ वाहतच राहतो. जुन्या मसजिदींच्या हौदावर पाणी डोळ्यांदेखत कमी होताना दिसे. नळ ही घट आपल्यापासून लपवतो. म्हणून नळावर वुजू करणाऱ्याने अधिक सावध असले पाहिजे.

येथे फिक्हचा एक निर्णय ध्यानी घेण्याजोगा आहे. हनफी मतानुसार वुजूसाठी वापरलेले पाणी पाकच असते. केवळ त्याने पुन्हा वुजू करता येत नाही. मग हे पाक पाणी गटाराच्या मैल्यात का मिसळावे? वुजूखान्याचे पाणी साबणाच्या व शौचालयाच्या पाण्यापासून वेगळे काढून, जाळीतून गाळून झाडांच्या आळ्यात सोडता येते. उरलेले शोषखड्ड्यात जिरवता येते. त्यासाठी एक वेगळी नळी आणि विश्वस्तांचा निश्चय एवढेच लागते.

झाड कोणते लावावे, याचाही विचार हवा. उन्हाळ्यात रोज पाणी मागणारे लॉन शोभेचे खरे, परंतु ते फळ देत नाही की सावली देत नाही. कडुनिंब, बहावा, कांचन, पळस ही झाडे पहिले काही उन्हाळे सांभाळली, तर पुढे आपल्या बळावर उभी राहतात. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. अंगणातील शेवगा शेजाऱ्याच्या ताटात जातो, तेव्हा याच वचनाची प्रचिती येते. बुंध्यापर्यंत फरशी बसवू नये. मातीलाही श्वास हवा. पालापाचोळा जाळण्याऐवजी त्याचे आणि भाजीच्या देठांचे खत करावे.

उभ्या झाडांचीही अमानत आहे. शहरातील झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडण्यास १९७५ च्या राज्य कायद्याने मनाई केली आहे. हजरत अबू बक्र (र.) यांनी तर युद्धावर निघालेल्या सैन्यालाही फळझाडे तोडू नका, अशी ताकीद दिली होती. शत्रूच्या भूमीत ज्याला अभय मिळाले, त्याच्यावर आपल्याच अंगणात वाहन उभे करण्यासाठी कुऱ्हाड चालावी काय?

एका माणसाने काय होणार, असे कोणी म्हणेल. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तरी शक्य असल्यास ते लावून टाकावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. फळ पाहणे आपल्यावर सोपवलेले नाही. लावणे सोपवले आहे. येत्या जुम्याच्या नमाजनंतर आपल्या मसजिदीच्या विश्वस्तांना एवढेच विचारा, वुजूचे पाणी जाते कोठे?

हे अल्लाह, आम्हाला उधळपट्टीपासून वाचव, दुसऱ्याच्या वाट्याची जाण दे, आणि आमच्या हातून लागलेले प्रत्येक रोप आमच्यासाठी सदका-ए-जारिया कर. आमीन.