धंदा काढणे आणि धंदा चालवणे

पदवीदान समारंभाच्या भाषणांत गेली काही वर्षे एक वाक्य हमखास ऐकू येते : नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. मंत्री असोत, कुलगुरू असोत की पाहुणे म्हणून आलेले उद्योगपती, कुणीतरी ते म्हणतेच. पण त्यासाठी विद्यापीठाने नेमके काय करायचे, असे विचारले की चर्चा लगेच आकड्यांवर येते. इन्क्युबेशन सेंटर किती, स्टार्टअप किती नोंदले, पेटंटचे अर्ज किती, हॅकेथॉनला मुले किती आली. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात नवोपक्रम आणि इन्क्युबेशनसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद झाली. केंद्राच्या २०१९ च्या धोरणाने विद्यार्थ्याला हजेरीत सवलत, शिक्षणात खंड घेण्याची मुभा आणि प्राध्यापकाला स्वतःची कंपनी काढण्याची वाट मोकळी करून दिली. चौकट तयार आहे. त्या चौकटीत शिकवायचे काय, यावर मात्र कुणी गंभीरपणे बोलत नाही.

उद्योजक जन्मालाच यावा लागतो, या मताला उत्तर देण्यात वेळ घालवायचे कारण नाही. इचलकरंजीचे माग आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीज ज्यांनी उभ्या केल्या त्यांच्यापैकी अनेकांच्या घराण्यांत आधी कुणी कारखानदार नव्हते. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे रडगाणे तर आता बंद व्हावे. भांडवलाचा मुद्दा खरा आहे, पण तो बँकांशी भांडण्याचा आहे, अभ्यासक्रमाशी नव्हे.

खरा अडसर वेगळ्याच, फार प्रतिष्ठित मताचा आहे. उद्योजकता ही मानसिकता आहे, ती घडवली की बाकी सारे आपोआप येते, असे हे मत. नव्या अभ्यासक्रमांच्या प्रस्तावनांत ते असते, प्राध्यापकांच्या प्रशिक्षणांत ते असते, आणि त्याच्या जोरावर विद्यार्थ्यांना जोखीम घ्या, मोठी स्वप्ने पाहा, अपयशाला घाबरू नका असे सांगितले जाते.

या मताला शास्त्राचा आधार दिला तो हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी. समाजाची आर्थिक प्रगती माणसांच्या यशप्रेरणेवर अवलंबून असते आणि ही प्रेरणा प्रशिक्षणाने वाढवता येते, असा त्यांचा सिद्धांत. त्याची प्रत्यक्ष कसोटी त्यांनी आपल्याच देशात लावली. १९६४ साली आंध्रातल्या काकीनाडा शहरातील लोकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत आणून काही दिवसांचे प्रेरणा-प्रशिक्षण दिले. पुढे १९६९ मध्ये त्यावर पुस्तक आले : प्रशिक्षण घेतलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त गुंतवणूक केली, जास्त माणसे कामाला लावली. आपल्याकडच्या उद्योजकता विकासाच्या चळवळीवर या प्रयोगाची छाप आहे.

पण हे लोक होते कोण? प्रामुख्याने काकीनाडातले व्यापारी आणि छोटे कारखानदार. त्यांची दुकाने चालू होती, त्यांना देणेकरी आणि घेणेकरी होते. प्रेरणा मिळाल्यावर ती वापरायला त्यांच्या हाती काहीतरी होते. ही साधी गोष्ट विसरून तोच उपाय आपण वीस वर्षांच्या अशा मुलावर करतो, ज्याने आयुष्यात एकही बिल फाडलेले नाही. मानसिकता बदलते, हे मी नाकारत नाही. मॅक्लेलंड यांचे निष्कर्षही खोटे ठरवायचे कारण नाही. माझे म्हणणे एवढेच की ती बदल घडवते ते चालू धंद्याच्या आत. रिकाम्या वर्गात तिला कशाशी झटायचे ते सापडत नाही.

या मताचे दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. यश मानसिकतेने मिळते असे एकदा ठरले, की अपयशाचे खापरही मानसिकतेवर फुटते. जिच्या घरी तारण ठेवायला जमीन नाही, जिला गावच्या बाजारपेठेत कुणी उधारीवर माल देत नाही, अशा मुलीचा धंदा सहा महिन्यांत बंद पडला तर आपण म्हणणार, जिद्द कमी पडली. समाजाने आणि बाजाराने केलेला अन्याय तिच्या मनाच्या खात्यावर मांडायचा आणि शिक्षक म्हणून आपण हात झटकायचे. हे शिक्षण नाही. या एका मुद्द्यावर मला तडजोड करता येत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्टही आपण मानसिकतेचीच करून टाकली आहे : मुंबईच्या तंत्रसंस्थेतली शिक्षकाची नोकरी सोडणारा धाडसी माणूस. नोकरी सोडणे हा एका दिवसाचा निर्णय असतो. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या या माणसाने लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. त्या काळात कारागिरांचा पगार कसा भागला, सावकाराला काय सांगितले, नांगरात काय बदलले, यातच खरे शिकण्यासारखे आहे. आपल्या भाषणांत नेमके तेवढे गाळलेले असते.

म्हणून धंदा काढणे आणि धंदा चालवणे यांत मी ठाम फरक करतो. आजचे सगळे उद्योजकता शिक्षण काढण्याचे आहे. कल्पना, सादरीकरण, परीक्षकांसमोर दहा मिनिटे, बक्षिसाचा धनादेश, कंपनीची नोंदणी. यातला प्रत्येक टप्पा पहिल्या विक्रीच्या आधीचा आहे.

चालवणे म्हणजे काय, ते शिवाजी विद्यापीठापासून जवळच असलेल्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत पाहावे. कास्टिंगची गाडी आज निघाली. बिल निघाले, म्हणजे पुढच्या महिन्यात त्यावरचा जीएसटी भरावा लागणार, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. भंगार, पिग आयर्न, वाळू, कामगार यांचे पैसे आधीच गेले आहेत आणि वीजबिल थांबत नाही. कंपनी माल तपासते, काही नग रिजेक्ट करते, डेबिट नोट पाठवते. उरलेले पैसे नव्वद दिवसांनी. २००६ च्या कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लावता येते. पण ज्या कंपनीवर कारखान्याचा निम्मा धंदा अवलंबून, तिच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? मग मालक काय करतो? खरेदी विभागातल्या साहेबाला फोन कधी करायचा, किती ताणायचे, कुठला पुरवठादार पंधरा दिवस थांबेल, पगार कुठून काढायचा. वसुलीची ही विद्या तिथल्या शेडमध्ये रोज वापरली जाते. उद्योजकतेच्या पेपरात तिच्यावर एक प्रश्न येत नाही.

हे वर्गात शिकवता येणार नाही, असा आक्षेप येईल. मान्य. म्हणूनच विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या हाती चालता धंदा द्यावा. आणि त्यासाठी परदेशाकडे पाहायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. ती योजना आजही आपल्या विद्यापीठांत आहे. तिच्यातली मुले बागेला पाणी घालतात, कार्यालयात फायली लावतात, तासावर पैसे घेतात. गरिबांना मदत म्हणून ती एका खात्यात, आणि उद्योजकता म्हणून इन्क्युबेशन सेंटर दुसऱ्या खात्यात. कष्ट करणाऱ्या मुलांना हिशेब दिला नाही आणि हिशेबाची स्वप्ने पाहणाऱ्यांना कष्ट दिले नाहीत, ही आपली सर्वांत मोठी चूक आहे.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणाव्यात. विद्यापीठाच्या आवारात उपाहारगृह असते, झेरॉक्स आणि बाइंडिंग असते, रोपवाटिका असते, वसतिगृहाची मेस असते. त्यांतले एक-दोन विद्यार्थ्यांच्या तुकडीकडे वर्षभरासाठी सोपवावेत, शिल्लक माल, देणी आणि येणी यांसकट. पुढच्या वर्षीच्या तुकडीला आधीच्या तुकडीची थकबाकी वसूल करावी लागेल आणि तिने तोडलेला पुरवठादार पुन्हा जोडावा लागेल. गुण खतावणीवर, वसुलीवर आणि धंदा पुढे सोपवताना लिहिलेल्या टिपणावर. तोटा झाला तर त्याचे कारण मांडता येणे हाही परीक्षेचाच भाग. लेखा विभाग निविदेचे नियम आणि लेखापरीक्षण पुढे करेल, आणि त्याची अडचण खोटी नाही. पण प्राध्यापकाला कंपनी काढू देण्यासाठी नियम बदलले गेले. मेसच्या हिशेबासाठीही ते बदलता येतील. थोडी बुडीत रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरावी.

अधिसभेच्या सदस्यांना माझी विनंती आहे. अंदाजपत्रकाच्या बैठकीत इन्क्युबेशनसाठी तरतूद समोर येईल, तेव्हा किती स्टार्टअप नोंदले हे विचारू नका. विद्यार्थ्यांच्या ताब्यात आज कोणता चालू धंदा आहे आणि त्याची येणी किती थकली आहेत, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत ती तरतूद मंजूर करू नका.